४ वर्षांची लेक, डाऊन सिंड्रोम : कपडे, ब्रश, पॉटी, झोप... सुरुवात नक्की कुठून करू?

लेकीची_आई
नमस्कार. बरेच दिवस इथे नुसती वाचते, आज पहिल्यांदा लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या.

लेक ४ वर्षांची झाली, डाऊन सिंड्रोम आहे. उशिरा चालली पण आता पळते, शब्द मोजकेच आहेत बाकी सगळं हातवाऱ्यांवर, समजतं मात्र भरपूर, चॉकलेट कुठे लपवलंय ते तर मला विसरायला होतं पण तिला नाही. प्रॉब्लेम असा की स्वतःचं स्वतः काहीच करत नाही. सकाळी कपडे दाखवले की दोन्ही हात वर करून उभी राहते, म्हणजे घाला आता. चड्डीसुद्धा वर ओढत नाही. ब्रश जवळ नेला की ओठ घट्ट मिटून मान फिरवते. डायपर अजून चालू आहे, पॉटीवर बसवलं तर छान बसते, गाणं म्हणते, उठते, आणि डायपर लावला की पाच मिनिटांत त्यात. थेरपी सेंटरमधून दिवसभराच्या कामांचा एक मोठा तक्ता दिलाय चित्रांचा, भिंतीवर लावलाय, ती त्यातली चित्रं उपटून कपाटाखाली टाकते.

आणि झोप. ९ ला अंथरुणात घेतो, ११-११:३० पर्यंत कार्यक्रम चालूच. पाणी, शू, बाबा, लाइट, परत पाणी. शेवटी मी शेजारी पडून थोपटत राहते तेव्हा कुठे झोपते. रात्री उठते दोन-तीनदा आणि परत मीच पाहिजे. थोडी घोरते, मान मागे टाकून नाहीतर बसल्या बसल्या पुढे वाकून अशी विचित्र झोपते, पण ते तिचं पहिल्यापासूनच आहे.

घरात सगळे म्हणतात जाऊ दे गं, अशी मुलं उशिराच शिकतात, तू करून टाक पटकन. नवरा म्हणतो शाळा सुरू व्हायच्या आत सगळं शिकवायला हवं. मी मधल्या मधे. एकदम सगळं होत नाहीये एवढं नक्की. कुणी सांगाल का आधी काय घ्यायचं?

गोंधळलेली_मम्मा
आमचंही डिट्टो हेच आहे, मुलाचं निदान वेगळं पण घरातले डायलॉग सेम 😅 फॉलो करतेय.

ओटी_ताई
मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, म्हणजे रोजची कामं स्वतःची स्वतः करायला शिकवते, लहान मुलांसोबतच काम करते. तुमच्या लेकीला न बघता लिहितेय त्यामुळे तुमच्या थेरपिस्टशी बोलून घ्याच.

पहिलं म्हणजे तो तक्ता काढून ठेवा. तक्ते वाईट नसतात पण इतकी चित्रं एकदम म्हणजे तिच्यासाठी भिंतीवरचं डिझाइन आहे ते. चारही गोष्टी एकदम सुरू करू नका. एकच काम घ्या, आणि त्या कामातलीही एकच पायरी. मी असते तर चड्डी घेतली असती, कारण ती दिवसातून अनेकदा आपोआप येते, मुद्दाम प्रॅक्टिस काढावी लागत नाही, आणि पुढे पॉटीला तीच लागणार आहे.

आता कसं ते नीट सांगते. चड्डी घालणं आपल्याला एक काम वाटतं पण मोडून बघा : चड्डी पुढची बाजू पुढे करून धरायची, एक पाय, दुसरा पाय, गुडघ्यापर्यंत ओढायची, उभं राहायचं, मांड्यांवरून वर, मग मागून कुल्ल्यांवरून कमरेपर्यंत. आपण बहुतेक पहिल्या पायरीपासून शिकवायला बसतो आणि पोरगं तिथेच कंटाळतं. तुम्ही उलटीकडून या. सगळं तुम्ही करा, चड्डी अगदी कुल्ल्यांच्या खाली आणून सोडा आणि शेवटची ओढ तिची. तिने ओढली की काम संपलं, चड्डी घातली, शाब्बास, चला खेळायला. म्हणजे दर वेळी काम "पूर्ण" तीच करते. ही शेवटची ओढ न सांगता जमायला लागली की चड्डी मांड्यांवर सोडायची, मग गुडघ्यावर. असं मागे मागे सरकत जायचं.

मदत करताना समोर उभ्या राहू नका, मागून करा. समोरून केलं तर तुमचे हात उलटे दिसतात आणि ती तुमच्या तोंडाकडे बघत बसते. मागे बसून तिचे अंगठे इलॅस्टिकच्या आत घालायचे, तुमचे हात तिच्या हातांवर, आणि ओढताना हळूच सोडून द्यायचे. पुढे नुसता मनगटाला स्पर्श, मग कोपराला टेकवणं, मग काहीच नाही. तोंडाने "ओढ ओढ ओढ" असा जप नको, तोंडी सूचनेची सवय सगळ्यात चिवट असते, हाताची मदत काढता येते पण आईचा आवाज काढता येत नाही. एकदा सांगा आणि थांबा. मनात दहा आकडे मोजा. डाऊन सिंड्रोमच्या मुलांना ऐकलेलं कृतीत यायला जास्त वेळ लागतो आणि आपण नेमकं तिसऱ्या सेकंदाला हात घालतो.

अजून एक, काढणं घालण्याच्या आधी येतं. मोजे, टोपी, पॅन्ट हे आधी काढायला शिकू दे. स्नायू सैल असल्यामुळे उभ्याने एक पाय उचलणं तिला अवघड जातं, तेव्हा पाय पूर्ण जमिनीला टेकतील असं बुटकं स्टूल द्या, मागे भिंत. बसूनच घालू दे.

आणि सकाळी शिकवू नका!! सकाळची घाई ही शिकवायची वेळच नाही. आंघोळीच्या वेळी, संध्याकाळी कपडे बदलताना, तेव्हा शिकवा.

रात्रपाळी_कायमची
बाकी सगळं नंतर, मला तुमच्या पोस्टमधलं एकच वाक्य दिसलं. घोरते, मान मागे टाकते, बसून पुढे वाकून झोपते. ताई हे "पहिल्यापासूनच आहे" म्हणून सोडू नका प्लीज. माझ्या मुलालाही डाऊन सिंड्रोम आहे आणि तोही असाच पायांवर घडी घालून झोपायचा, आम्हाला गोड वाटायचं. झोपेत श्वासाची वाट बंद होत असली की मुलं अशी पोझिशन शोधतात, मान मागे टाकली की वाट जरा मोकळी होते म्हणून. या मुलांमध्ये स्लीप अॅप्निया, म्हणजे झोपेत श्वास अडकणं, खूप कॉमन आहे, चेहऱ्याचा मधला भाग लहान, घशाचे स्नायू सैल, वर टॉन्सिल नाहीतर अॅडेनॉइड (नाकामागच्या गाठी) वाढलेले. अमेरिकन अॅकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सचा तर सल्ला आहे की डाऊन सिंड्रोम असलेल्या प्रत्येक मुलाची ४ वर्षांच्या आत स्लीप स्टडी (रात्रभर झोपेतला श्वास मोजण्याची तपासणी) करावी, लक्षणं असोत वा नसोत, कारण आईबाबांना ऐकू येतं त्यावरून कळतंच असं नाही.

मोबाइलवर झोपेचा व्हिडिओ काढा, आवाजासकट, छाती दिसेल असा, आणि डॉक्टरांना दाखवा. ईएनटीकडे पाठवतील. आमच्याकडे टॉन्सिल-अॅडेनॉइड काढले, फरक पडला, तरी नंतर परत स्टडी करावी लागली कारण ऑपरेशनने सगळ्यांचं पूर्ण जातंच असं नाही. थायरॉइडही बघून घ्या, वर्षातून एकदा तरी बघायचंच असतं या मुलांचं.

रात्री दहादा श्वास अडकत असेल तर सकाळी ती ब्रशला तोंड उघडणार कशी, चिडचिडच करणार ना. आधी हे.

ओटी_ताई
१००% सहमत. मीच हे वर लिहायला हवं होतं. झोपेचं कुठलंही ट्रेनिंग डॉक्टरांनी बघितल्यावरच.

शांत_बसा_क्लब
तक्त्याबद्दल थोडं वेगळं मत मांडतो. माझा मुलगा ऑटिस्टिक आहे, ५ वर्षांचा, आणि आमच्याकडे चित्रांशिवाय पान हलत नाही. पण चित्रं म्हणजे कार्टूनवाली नाहीत, त्याच्या स्वतःच्या ब्रशचा फोटो, त्याच्या स्वतःच्या बेडचा फोटो, आणि एका वेळी फक्त दोन. आधी हे, मग ते. आधी ब्रश, मग गाडी. झालं की फोटो काढून डब्यात टाकायचा, तो टाकण्यातच त्याला मजा येते. तुमची लेक चित्रं उपटतेय म्हणजे तिला उपटायला आवडतंय, मग तेच काम द्या की तिला!

ब्रशचं सांगतो. आमच्याकडे हा महिनोन्महिन्यांचा विषय होता. आता काय करतो तर ब्रश लगेच तोंडात नाही. आधी गालाला, मग ओठांना बाहेरून, मग पुढच्या दोन दातांना कोरडा ब्रश टेकवून लगेच बाहेर. "एक दोन तीन संपलं" आणि खरंच संपवायचं, तीनच्या पुढे एक सेकंदही नाही. मुलांना ब्रशपेक्षा हे कधी संपणार ते माहीत नसल्याची भीती जास्त असते असं माझं ठाम मत आहे. तीनचा पाच झाला, पाचाचा दहा. मऊ ब्रश, लहान डोक्याचा. काही मुलांना पेस्टचा झणका सहन होत नाही, तर आधी नुसतं पाणी, मग कमी वासाची पेस्ट. ३ वर्षांच्या पुढे वाटाण्याएवढी पुरते, त्याच्या आत तांदळाच्या दाण्याएवढी. त्याच्या हातात एक ब्रश आणि आपल्या हातात एक, त्याने केलं की "आता बाबाची पाळी". शेवटचा हात आपलाच फिरवायचा, या वयात कुठल्याच मुलाचं ब्रशिंग पुरेसं नसतं.

झोपेसाठी लोक तुम्हाला वजनाचं ब्लँकेट घ्या म्हणून सांगतील. २०१४ मध्ये ऑटिस्टिक मुलांवर नीट चाचणी झाली होती त्याची, झोपेचा वेळ काही वाढला नाही, आवडलं मात्र मुलांनाही आणि पालकांनाही. तुमच्या लेकीचे स्नायू सैल आहेत, श्वासाची शंका आहे, तेव्हा तिच्यासाठी तर नकोच, जे पांघरूण मुलाला स्वतः बाजूला करता येत नाही ते लहान मुलाच्या अंगावर टाकूच नये.

लेकीची_आई
बापरे. घोरण्याचं वाचून पोटात गोळाच आला. व्हिडिओ काढला काल रात्री, मधेमधे शांत होते आणि मग हुंदका दिल्यासारखा श्वास घेते. डॉक्टरांची वेळ घेतली आहे.

चड्डी सुरू केली. सासूबाईंना सांगितलंय की शेवटची ओढ तिला करू द्या, त्या म्हणाल्या बरं, आणि दोन मिनिटांनी स्वतःच ओढली 🙈

एक विचारू का, माझ्याशिवाय झोपायचं कसं शिकवायचं? रडवून झोपवायचं मला जमणार नाही, आधीच सांगते.

डावा_हात_आधी
रडवायची गरजच नाही. माझ्या मुलीला सेरेब्रल पाल्सी (मेंदूमुळे स्नायूंवर ताबा कमी) आहे आणि फिट्सही येतात, तिला खोलीत एकटं टाकून दार लावणं आमच्यासाठी ऑप्शनच नव्हता, त्यामुळे हळूहळूचा रस्ता मला पाठ आहे. पण डॉक्टरांचं उरकल्यावर.

मूल ज्या परिस्थितीत झोपतं, रात्री जाग आली की तीच परिस्थिती शोधतं. रात्री जाग सगळ्यांनाच येते, आपण कूस बदलून झोपतो. तिला थोपटत असताना झोप लागली, मग २ वाजता डोळे उघडले तर थोपटणारा हात गायब, म्हणून हाक. म्हणजे रात्रीच्या उठण्याचा इलाज रात्री २ ला नाही, ९ ला आहे.

तर आधी थोपटणं कमी. थोपटायचं नाही, नुसता हात ठेवायचा. काही रात्रींनी हात काढायचा पण शेजारी पडायचं. मग पडायचं नाही, बसायचं. मग खुर्ची, मग खुर्ची दाराकडे. प्रत्येक टप्प्यावर ती निवांत झाली की पुढे, आजारी पडली की एक टप्पा मागे, त्यात काही बिघडत नाही. बोलायचं नाही फार. "आई इथे आहे, झोप" एवढंच, दर वेळी तेच वाक्य, त्याच कंटाळवाण्या आवाजात. पाणी-शू-लाइट हे सगळं झोपायच्या आधीच्या क्रमात टाका, म्हणजे मागायला काही उरत नाही.

दुसरं, ९ ला आडवं करून ११:३० ला झोपतेय तर मधले अडीच तास ती अंथरुणात जागं राहायचंच शिकतेय. काही दिवस तिला ११ च्या सुमारासच अंथरुणात घ्या, झोपेने डोळे जड झाले असताना. पंधरा-वीस मिनिटांत झोपायला लागली की वेळ १५ मिनिटं अलीकडे. मग परत १५. पण सकाळी उठवायची वेळ रोज एकच, रविवारीसुद्धा, हे पाळलं नाही तर काहीच होत नाही. दुपारची झोप किती आणि कधी तेही बघा. ३ ते ५ वर्षांना दुपारची धरून १० ते १३ तास झोप लागते, ४ वाजता दीड तास झोपली तर ९ ला कशी झोपेल. आणि शेवटचा तासभर टीव्ही-मोबाइल बंद, हे सगळे सांगतात, आम्हीही सुरुवातीला हसायचो, पण फरक पडतो.

कपड्यांचं एक, ज्यांच्या मुलांची एक बाजू कमजोर आहे त्यांच्यासाठी : घालताना कमजोर हात आधी, काढताना कमजोर हात शेवटी. एवढं लक्षात ठेवलं की भांडण निम्मं कमी होतं.

गोंधळलेली_मम्मा
मेलाटोनिनबद्दल (झोपेच्या हार्मोनची गोळी) कुणी सांगेल का? ओळखीतल्या एकीने सरळ ऑनलाइन मागवलंय.

शांत_बसा_क्लब
आम्ही डॉक्टरांच्या देखरेखीखाली देतो. झोप लागायला मदत होते, रात्री उठण्यावर तेवढी नाही. डोस आणि वेळ दोन्ही डॉक्टरांनीच ठरवायचं, फिट्सची वगैरे औषधं चालू असतील तर अजूनच. आणि आधी रुटीन, मग गोळी. रुटीन नसताना दिली तर महिनाभराने आपण म्हणतो काही उपयोग नाही. रात्री पाय सारखे हलवत असेल, वळवळ फार असेल तर रक्तातलं लोह, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), तेही तपासतात डॉक्टर.

बोटांनी_बघणारी
माझा मुलगा पूर्ण अंध आहे म्हणून आमचं थोडं वेगळं, पण कुणाच्या तरी उपयोगी पडेल. चित्रं नाहीत त्यामुळे आम्ही वस्तू वापरतो. आंघोळीआधी हातात स्पंज, झोपायच्या आधी एक ठरावीक मऊ रुमाल, तो फक्त झोपेचाच, दिवसा हाताला लागू द्यायचा नाही. शिकवताना त्याचे हात आम्ही पकडत नाही, त्याचे हात आमच्या हातांवर ठेवतो, म्हणजे आम्ही काय करतोय ते तो चाचपतो आणि नको असेल तेव्हा हात काढू शकतो. बघणाऱ्या पण हात धरला की चिडणाऱ्या मुलांनाही हे चालतं. आणि उजेड अजिबात जाणवत नसेल तर शरीराचं घड्याळच भरकटतं, झोप रोज पुढे पुढे सरकते, त्याला लाडाची सवय समजू नका, डॉक्टरांशी बोला.

सकाळची_गाडी_चुकली
मी जरा उलटं बोलते. वर सगळ्यांनी छान लिहिलंय, पण वाचून असं वाटतं की प्रत्येक क्षण शिकवण्याचाच. तसं नसतं. ज्या दिवशी ताप आहे, पाहुणे आहेत, तुम्ही स्वतः रात्रभर जाग्या आहात, त्या दिवशी घाला सरळ कपडे आणि मोकळे व्हा. ठरवून करून टाकणं वेगळं आणि सवयीने करून टाकणं वेगळं. मी सकाळचं सगळं माझ्याकडे घेतलंय, संध्याकाळचं त्याचं. घरात भांडणं कमी झाली.

लेकीची_आई
अपडेट देते. टॉन्सिल आणि अॅडेनॉइड दोन्ही वाढलेत, स्लीप स्टडीची तारीख मिळाली आहे, थायरॉइडचं रक्त दिलं. तोपर्यंत खुर्ची वगैरे सुरू केलं नाही, फक्त झोपायची वेळ पुढे नेली आणि सकाळची पक्की केली. अंथरुणातला तमाशा बराच कमी झालाय, उठते अजून.

चड्डी!!! आंघोळीनंतर मांड्यांवरून स्वतः वर नेते, मागची बाजू अडकते मात्र, अर्धी खाली राहते आणि तशीच पळते. सासूबाई आता हात मागे बांधून उभ्या राहतात, शप्पथ, स्वतःच काढलेली आयडिया.

पॉटीचं कळत नाहीये अजून. बसते पण करत नाही.

ओटी_ताई
वा! मागची बाजू सगळ्यांचीच अडकते. दोन्ही हात पुढे असतात म्हणून. एक हात पुढे, एक हात पाठीमागे, आणि मागच्या इलॅस्टिकला आतून एक कापडी लूप शिवा, अंगठा अडकवायला. चड्डी एक साइज मोठी चालेल, फार सैल नको, नाहीतर ओढली हे जाणवतच नाही.

पॉटीसाठी आधी एक सांगा, शी रोज होते का आणि कडक होते का? या मुलांना बद्धकोष्ठता फार असते, आणि एकदा दुखलं की बसतील पण सोडणार नाहीत, मग डायपर लावला, उभं राहून, कोपऱ्यात जाऊन करतील. तसं असेल तर ते आधी डॉक्टरांकडून मोकळं करून घ्या, त्याशिवाय ट्रेनिंगला अर्थ नाही. बसल्यावर पाय लोंबकळतात का तेही बघा. पाय टेकले नाहीत तर पोटाला जोर लावता येत नाही, पायाखाली स्टूल द्या, गुडघे जरा वर येतील असं.

मग काही दिवस नुसती नोंद ठेवा, शी-शू किती वाजता होते त्याची. बहुतेक मुलांना खाल्ल्यावर थोड्या वेळाने कळ येते, तेव्हाच बसवायचं, पाच मिनिटांच्या आत उठवायचं, झालं तर आनंद, नाही तर काही बोलायचं नाही. गाणी कमी करा तिथे, ती गाण्यासाठीच बसतेय बहुतेक 😄 आणि "शू" साठी एक खूण ठरवा हाताची, घरात सगळ्यांनी तीच वापरायची, प्रत्येक वेळी बसवताना. बोलता येत नाही म्हणून सांगता येत नाही, एवढ्यावर बरीच मुलं अडकलेली असतात.

लेकीची_आई
कडक होते हो. दोन-तीन दिवसांनी एकदा, आणि बरोब्बर पडद्यामागे उभी राहून. डॉक्टरांकडे परवा जातोच आहोत, हेही लिहून नेते. लूप आज रात्रीच शिवते. जुन्या स्लिंगबॅगचा पट्टा चालेल का?

ओटी_ताई
नको, तो टोचेल. जुन्या टीशर्टच्या कॉलरची पट्टी घ्या, मऊ असते आणि ताण घेते. दोन बोटं जातील एवढा लूप, आणि शिवण बाहेरच्या बाजूला येऊ दे.